आरोग्यमंत्री साहेब, आमचे पोट्टे कोणत्या आकड्यात धरले?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

नमस्कार साहेब. हिवाळी अधिवेशनाला नागपूरला येताच तुम्ही, म्हणून आधीच लिहून ठेवतो. मी मानेवाड्याकडे अभ्यासिका चालवतो, ४८ खुर्च्या, एक कूलर, एमपीएससी अन् पोलीस भरतीवाले पोट्टे सकाळी ६ पासून येऊन बसतात.

मानसिक आरोग्याचा विषय निघाला की भाषणात हमखास १०.६ टक्के येतो. म्हणजे दहातल्या एका मोठ्या माणसाला आत्ता या घडीला काही ना काही मानसिक आजार आहे. बंगळुरूच्या निम्हान्सनी, म्हणजे मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं, २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय पाहणी केली त्यातला हा आकडा, काम चांगलंच आहे त्यांचं, वाद नाही. पण ती झाली १२ राज्यांत. मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होतं, गुजरात होतं, आपला महाराष्ट्रच नव्हता! अन् १३ ते १७ वयाची मुलं विचाराल तर सगळी मिळून १,१९१, त्यात ७.३ टक्के निघाले. एवढ्यावर आपण अख्ख्या देशाच्या पोरांबद्दल बोलून राहिलो.

दुसरं म्हणजे अशी पाहणी घरोघरी जाऊन होते. माझ्याकडचे पोट्टे घरी असतातच कुठे, गडचिरोली, यवतमाळ, भंडाऱ्याहून येऊन एका रूममध्ये चार चार राहतात, डबा लावतात. गावी मोजणारा आला तर आई सांगणार पोरगा नागपूरला आहे, अन् इथं रूमवर कोणी येणार नाही.

मागच्या वर्षी एक जण तीन आठवडे पुस्तकाचं तेच पान उघडून बसायचा. विचारलं तर म्हणे डोकं दुखते, झोप येत नाही, थोडं टेन्शन आहे दादा. डिप्रेशन हा शब्द त्यानं एकदाही काढला नाही. शेवटी मीच घेऊन गेलो मनोरुग्णालयात, ऑटोवाल्यानं मोठ्यानं विचारलं, पागलखाना चौक ना? पोट्टा एक चौक आधीच उतरला, म्हणे पायी जाऊ. डॉक्टरांनी बाकी नीट ऐकून घेतलं, आता बरा आहे तो. पण त्याच पाहणीत आहे ना, आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नाहीत. त्या ऑटोत बसल्यावर कळलं मला का ते. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर भिंतीवर लावलाय मी, पोट्टे फोटो काढतात, फोन कितीजण करतात देव जाणे.

तर मागणी एवढीच, पुढच्या पाहणीत महाराष्ट्राचा एकच सरासरी आकडा नको, विदर्भाचा वेगळा काढा, त्यात हॉस्टेल अन् रूमवाले धरा, अन् प्रश्न विचारताना 'टेन्शन'पासून सुरुवात करा. अधिवेशनात एक संध्याकाळ मोकळी असली तर इकडे या, रात्री ११ पर्यंत उघडं असते. गाड्यांचा ताफा मात्र बाहेरच ठेवा जी, पोट्टे वाचत असतात.

आपला,
मानेवाड्याचा एक अभ्यासिकावाला