चिंक्वे तेर्रेचे गडगे आणि नाशिकच्या बागा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इटलीतील चिंक्वे तेर्रे या किनारपट्टीवरील पाच गावांविषयी आलेला लेख वाचला. रंगीत घरे, मोटारी नसलेल्या गल्ल्या आणि मोंतेरोस्सोचे खारवलेले मासे यांचे वर्णन सुरेख आहे. मात्र ज्या द्राक्षबागांवर ही गावे शतकानुशतके जगली, त्यांना लेखात एका ओळीपलीकडे जागा मिळालेली नाही. निफाड तालुक्यात बाग आणि नाशिकला बिऱ्हाड असलेल्या माझ्यासारख्या वाचकाला ही उणीव खटकली.

मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही गावे ज्या डोंगरउतारावर आहेत, तेथे सपाट जमीन जवळजवळ नाहीच. लोकांनी चुना न वापरता दगडावर दगड रचून गडगे घातले, त्यांच्यामागे माती भरली आणि त्या अरुंद पट्ट्यांवर बुटक्या मांडवांत वेली वाढवल्या. तेथे ट्रॅक्टर तर सोडाच, बैलही वळणार नाही. तोडलेला माल पूर्वी माणसांच्या पाठीवरून येई, आता बऱ्याच ठिकाणी एका रुळावर चालणाऱ्या चिमुकल्या गाडीतून येतो. निवडक घड सावलीत सुकवून, नोव्हेंबर उजाडल्यानंतरच ते गाळून, 'शाक्केत्रा' ही गोड वाइन करतात. बेदाण्यासाठी शेडमध्ये जाळीवर द्राक्षे पसरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातले निम्मे काम न सांगता कळेल.

युनेस्कोने १९९७ मध्ये या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तो माणसाने घडवलेल्या या उतारांमुळेच. परंतु नवी पिढी शेती सोडून गेली, पुष्कळ बागा ओस पडल्या आणि डागडुजी थांबल्यामुळे गडगे फुगून कोसळू लागले. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखल-दगडांखाली गाडली गेली. पाऊस विलक्षण होता हे खरेच, पण सांभाळ सुटलेल्या उतारांनी नुकसान वाढवले, असे अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. पुढच्याच वर्षी रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रसिद्ध पायवाट दरड कोसळल्याने बंद झाली, ती पूर्णपणे खुली व्हायला २०२४ उजाडले. आता तेथे वेळ ठरवून, तिकीट घेऊनच जाता येते, आणि मला तरी त्यात काही वावगे वाटत नाही.

हे सांगण्याचे कारण आपल्या दाराशी आहे. गंगापूर धरणाच्या परिसरात वाइन पर्यटन रुजले आहे आणि २०२७ च्या सिंहस्थानिमित्त पाहुण्यांच्या सोयींची चर्चा रोज वाचायला मिळते. त्या चर्चेत हॉटेले असतात, रस्ते असतात, द्राक्षबागायतदार मात्र क्वचितच असतो. माझ्या शिवेला लागून असलेल्या दोन बागा गेल्या काही वर्षांत तुटल्या. एकीच्या जागी प्लॉट पडले, दुसरीच्या जागी मंगल कार्यालय उभे राहिले. औषधे, मजुरी आणि अवकाळी पाऊस यांचा मेळ बसत नसेल, तर विकणाऱ्याला दोष कसा द्यावा? पर्यटकांकडून मिळणाऱ्या पैशाचा ठरावीक हिस्सा आसपासच्या बागा टिकवण्यासाठी राखून ठेवता येईल का, याचा विचार जिल्हा प्रशासनाने सिंहस्थाच्या आराखड्यातच करावा, अशी माझी विनंती आहे.

आपणासही एक विनंती आहे. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळ धरण्यासाठी केली जाणारी छाटणी) सुरू झाली की आपला वार्ताहर एखाद्या बागेत दिवसभर पाठवावा; त्या दिवसांत बाग बोडकी दिसते, छायाचित्र फारसे देखणे येणार नाही, पण शेतकरी बागेतच सापडेल.

आपला,
एक द्राक्षबागायतदार, नाशिक