नारळ फोडायच्या आधी बोट पाण्यात तर घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ऑगस्ट संपता संपता तुमच्या पेपरात एक तरी फोटो असतोच, नवी फायबरची बोट, नाळीला (पुढच्या टोकाला) झेंडूचा हार आणि बाजूला हसत उभा मालक. आमच्याच पोरांचे फोटो असतात, बघून बरं वाटतं. पण मला दर वेळी एकच गोष्ट खटकते, बोट ट्रेलरवर असते. म्हणजे पैसे देऊन झाले, कागदावर सही झाली, नारळ फुटला आणि बोट अजून भिजलेलीच नाही!

मागच्या वर्षी पुतण्याचा फोन, "काका, होडी इली, बघूक ये." बावीस फुटी बोट, मागे बाहेरून लावलेलं साठ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन (आउटबोर्ड), पर्यटकांसाठी. बोटवाल्याने यार्डातच इंजिनाला पाण्याचा पाइप लावून सुरू करून दाखवलं, काय सुंदर आवाज, पुतण्या खूष, पेन हातात. मी म्हटलं थांब. तर मलाच सांगतो, "नवीकोरी असा, तपासूचा काय?" अरे बाबा नवी आहे म्हणूनच तर, जुनी बोट चार सीझन चाललेली असते, तिची खोड सगळ्या जेटीला माहीत असते, नवीची कोणालाच नाही.

आधी जमिनीवरच बघितलं. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने तळावर सगळीकडे टकटक करत फिरलो, फायबर नीट बसलं असेल तर टणक आवाज येतो, आत थर सुटले असतील तर डबडब वाजतं. तळ चांगला निघाला. गडबड मागे होती. इंजिन ज्या फळीवर बसतं ना, ट्रान्सम, तिच्यात फिश फाइंडरचा (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) सेन्सर बसवायला भोकं पाडून स्क्रू तसेच कोरडे पिळलेले, पाणी अडवणाऱ्या सीलंटचा पत्ता नाही. बऱ्याच बोटींत त्या फायबरच्या आत प्लायवुड असतं, तसं हिच्यातही होतं. तिथे पाणी शिरलं की वरून काही दिसत नाही, आतून लाकूड कुजत जातं आणि एक दिवस अख्खं इंजिन डुगडुगायला लागतं.

मग बोट खाडीत उतरवली आणि पहिलं काम काय केलं तर बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) ऑटोवरून बंद केला. हे मुद्दाम लिहितोय कारण कोणी करत नाही. ऑटोवर असला की पंप गुपचूप पाणी बाहेर टाकत राहतो आणि आपल्याला वाटतं बोट कोरडी ठणठणीत. दोन तास जेटीला बांधून ठेवली, आत बादलीभर पाणी. (ड्रेनचं बूच लावलेलं होतं, मी स्वतः दोनदा बघितलं, त्यात आमचीही एकदा फजिती झालेली आहे.)

आता इंजिन. नव्या इंजिनाला पहिले दहा तास जपायचं असतं, त्यात सुरुवातीला तर हळूच, पुस्तकात लिहिलेलं असतं कधी किती पळवायचं ते. विकणारा याचाच आधार घेऊन फुल थ्रॉटलला, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात पळवायला, नाही म्हणतो. आम्ही पुस्तकाप्रमाणे आधीचे तास हळू काढले आणि शेवटी दोन मिनिटंच फुल दिलं, पण रिकाम्या बोटीत नाही! पाण्याने भरलेले पन्नास लिटरचे पंधरा ड्रम चढवले, साडेसातशे किलो, म्हणजे धरा दहा पर्यटक. रिकामी बोट कशीही पळते हो. वजन घातल्यावर आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे) काटा ४७०० च्या वर जाईना आणि त्या इंजिनाच्या पुस्तकात फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० पाहिजे. दोष इंजिनाचा नव्हता, पाण्यातला पंखा (प्रोपेलर) चुकीचा होता, १३ पिचचा. पिच म्हणजे पंखा एका फेरीत बोट हिशोबाने किती इंच पुढे ढकलेल ते. ११ चा लावला तर ५१०० च्या आसपास गेली. पिच एक इंच कमी केला की साधारण दीडशे दोनशे आरपीएम वाढतात, हा जुना हिशोब. तसंच वापरलं असतं तर इंजिन कायम दमलेलं, पेट्रोल जास्त, आणि दोष कोणाला, तर कंपनीला.

बाकी स्टिअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, रिव्हर्स बघा, किल स्विचची (चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी खरंच ओढून बघा, स्पीड जीपीएसवर ओहोटीबरोबर आणि उलटं दोन्हीकडे मोजून सरासरी काढा. आणि ट्रायल मोकळ्या पाण्यात, सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून, पोराटोरांना न घेता. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाला चाललेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली, त्या स्पीडबोटीची इंजिन ट्रायलच चालू होती. ट्रायलमध्ये काहीही होऊ शकतं, म्हणून तर ती ट्रायल.

बोटवाला आधी चिडला, मग आठ दिवसांनी सगळं करून दिलं. का दिलं? कारण दहा टक्के पैसे आमच्याकडे अडकलेले होते. ते देऊन बसलो असतो तर आजही फोनच करत असतो. १ सप्टेंबरला सीझन सुरू झाला तेव्हा आमची बोट यार्डात होती, पुतण्या माझ्याशी चार दिवस बोलला नाही, चालायचंच.

माझं म्हणणं बँकांशी आहे. कर्जाची अख्खी रक्कम बिल बघून थेट बोटवाल्याच्या खात्यात जाते, मग पोराच्या हातात धरायला राहतं काय? शेवटचा हप्ता भरल्या वजनाच्या ट्रायलचा कागद बघून सोडा, ज्यावर आरपीएम, स्पीड आणि दोन तासांत आत आलेलं पाणी लिहिलेलं असेल आणि दोघांच्या सह्या असतील. सरकारच्या मेरिटाइम बोर्डाचा सर्व्हे होतो तो प्रवासी आणि सुरक्षेसाठी, तुमचा पंखा बरोबर आहे का हे ते कशाला सांगतील?

आणि तुमच्या फोटोग्राफरला सांगा, यंदा फोटो बोट पाण्यात असताना काढ.

आपला,
एक जुना बोटवाला, देवबाग (ता. मालवण)