पाण्यातले फ्लोराइड : लिटरचा हिशेब कोण धरणार?

संपादक महोदय,

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळावे की नाही, यावर सध्या जोरात वाद चालू आहे. एक बाजू म्हणते दातांसाठी वरदान, दुसरी म्हणते सरळसरळ विष. मी एकतीस वर्षे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आणि त्यातली बरीच वर्षे फ्लोराइडचे नमुने माझ्याच टेबलावर येत. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

ही तपासणी डोळ्यांना दिसते. नमुन्यात स्पॅड्न्स नावाचे लालभडक द्रावण घालायचे. पाण्यात फ्लोराइड जितके जास्त, तितका तो लाल रंग फिका पडत जातो. किती फिका पडला ते यंत्र मोजते आणि अहवालावर आकडा चढतो : लिटरमागे इतके मिलीग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 1.5. आकडा त्याच्या आत असला की शेरा ठरलेला, ‘पिण्यास योग्य’.

नोकरीच्या सुरुवातीला 1.4 आलेल्या एका नमुन्यावर मी असाच शेरा मारला. नमुना आणणारे गृहस्थ भट्टीवर कामाला होते. अहवाल हातात घेऊन ते तिथेच उभे राहिले. म्हणाले, “मॅडम, हे एका लिटरचं झालं. भट्टीपुढे मला दिवसाला सहा लिटर पाणी लागतं. मग माझं किती?” गुणाकार सोपा होता : 8.4 मिलीग्रॅम. पंख्याखाली बसून दोन लिटर पिणाऱ्या माझे 2.8. अहवाल मात्र दोघांना एकच. मला काही उत्तर देता आले नाही. त्यानंतर ‘योग्य’ हा शब्द लिहिताना दर वेळी माझा हात क्षणभर थबकायचा.

माझा सगळा आक्षेप या गुणाकारात आहे. पाण्यात किती मिसळायचे हे जलशुद्धीकरण केंद्राच्या हातात असते. कोणाच्या पोटात किती जाणार हे कोणाच्याच हातात नसते. हे तज्ज्ञांना माहीत नव्हते असे नाही. अमेरिकेने 1962 मध्ये हवामानानुसार 0.7 ते 1.2 असे प्रमाण ठरवले होते. उष्ण भागात कमी, कारण तिथे माणूस पाणी जास्त पितो. 2015 मध्ये त्यांनी सगळीकडेच 0.7 केले. पण एकाच गावात, एकाच नळावर भट्टीवाला असतो, मूत्रपिंडाचा रुग्ण असतो आणि पावडरचे दूध पाण्यात कालवून पिणारे तान्हे बाळही असते. त्यांची सरासरी कशी काढायची?

फ्लोराइडचा दातांना फायदा होतो, हे मात्र मी कधीच नाकारणार नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला 1901 पासून लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत होते, पण ते दात किडत नव्हते. डागांचे कारण पाण्यातले फ्लोराइड आहे हे 1931 मध्ये कळले. जास्त झाले तर डाग, बेताचे असले तर कीड कमी, हे लक्षात आल्यावर 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने ते पहिल्यांदा मुद्दाम मिसळले आणि मुलांच्या दातांची कीड निम्म्याहून अधिक घटली. तेव्हा फ्लोराइडची टूथपेस्ट बाजारात नव्हती. आज ती घरोघरी आहे, आणि फ्लोराइडचे मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावरच होते, त्यासाठी ते गिळावे लागत नाही. पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा 2024 चा आढावा सांगतो की, टूथपेस्टच्या जमान्यात पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा मुलामागे सुमारे पाव दात कमी किडणे एवढाच उरला आहे.

फ्लोराइड मिसळावे म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मला खरोखर छळतो. कॅनडातल्या कॅल्गरी शहराने 2011 मध्ये फ्लोराइड बंद केले. काही वर्षांनी पाहिले तर दुसरीतल्या सुमारे 65 टक्के मुलांच्या दातांत कीड. शेजारच्या एडमंटनमध्ये, जिथे ते चालू होते, 55 टक्के. लोकांनी 2021 मध्ये मतदान करून ते परत मागितले. ज्या मुलाच्या हातात कोणी ब्रश देत नाही, त्याच्यापर्यंत नळाचे पाणी तरी पोहोचते, हे मला मान्य आहे. पण त्याच्यापर्यंत ब्रशही पोहोचवता येतो. स्कॉटलंडमध्ये नळाला फ्लोराइड मिसळत नाहीत. तिथे बालवाडीतच रोज शिक्षकांच्या देखरेखीखाली मुलांना दात घासायला लावतात, आणि तिथली कीड कमी झाली.

‘विष’ म्हणणाऱ्यांनाही विनंती आहे. 2024 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने मुलांच्या बुद्ध्यंकाबद्दल जो इशारा दिला, तो 1.5 च्या वरच्या प्रमाणाबद्दल आहे. 0.7 बद्दल निष्कर्ष काढण्याएवढी माहिती नाही, असे तोच अहवाल सांगतो. तो अर्धाच वाचून आईवडील फ्लोराइड नसलेली पेस्ट आणू लागले, तर भोगेल ते पोर. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट द्या, जवळ उभे राहा आणि थुंकायला लावा.

आणि जिथे भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे ते मिसळायचे नसून काढायचे असते. पाणी उकळून ते जात नाही. पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली नालगोंडा पद्धत तुरटी आणि चुन्यावर चालते : ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी काढून घ्यायचे. पण त्याआधी पाणी तपासलेले हवे. दात आतल्या आत घडत असतात ती पहिली सात-आठ वर्षेच काय ती. त्या काळात फ्लोराइड जास्त गेले तर डाग पडतो आणि पुढे तो घासून जात नाही.

माझी मागणी एवढीच आहे. पाणी पुरवणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने फ्लोराइडचा आकडा दर महिन्याला जाहीर करावा, आणि त्याखाली दोन, चार व सहा लिटर पिणाऱ्याच्या पोटात किती मिलीग्रॅम जाते तेही छापावे. भट्टीवरच्या त्या गृहस्थांना मी त्याच दिवशी, त्याच अहवालावर हे लिहून द्यायला हवे होते.

आपली नम्र,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ
(कृपया नाव छापू नये)