परिषद भरवतोयस, तर आधी प्रश्न ठरव

सोलापूर,
१८ नोव्हेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या डाळिंब परिषदेच्या पत्रिकेचा कच्चा मसुदा मिळाला. उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती... व्यासपीठावर नऊ जण! आता जरा हिशेब कर. साडेदहा ते साडेचार म्हणजे सहा तास. जेवणाचा एक तास आणि दोन चहांचा अर्धा तास वजा केला की हातात उरतात २७० मिनिटं. शाल, श्रीफळ आणि फोटो मिळून माणशी २ मिनिटं, मनोगत माणशी १० (पत्रिकेत तू ५ छापलीस तरी दहाच होतात), म्हणजे १०८ मिनिटं. चाळीस टक्के दिवस व्यासपीठावरच संपला आणि सांगोल्याहून भल्या पहाटे निघालेल्या शेतकऱ्यानं अजून तोंडही उघडलेलं नाही.

सत्कार काढूनच टाक असं मी म्हणणार नाही. काढलास तर पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नाही. पण नोंदणी आणि चहा चालू असतानाच सगळ्यांचा एका रांगेत सत्कार उरक आणि एकच फोटो काढ. मनोगत फक्त अध्यक्षांचं, ७ मिनिटं. उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी सभागृह खोळंबून ठेवू नकोस. ते आले की चर्चेची चालू फेरी संपल्यावर त्यांना दहा मिनिटं दे, आणि हे त्यांच्या स्वीय सहायकाला आठवडाभर आधी सांगून ठेव.

खरं अडलंय ते विषयापाशी. ‘डाळिंब शेती : आव्हाने आणि संधी’ हे फलकाला शोभतं, पण त्यावर बोलायला लावलंस की भाव नाही, मजूर नाही, सरकार बघत नाही, एवढंच निघेल. ते खरं असलं तरी ते ऐकायला कुणाला सोलापूरला बोलवायला नको. साडेचार वाजता काय ठरलेलं असायला हवं ते आधी एका ओळीत लिही आणि त्यावरून प्रश्न काढ. उदाहरणार्थ : तेल्या (डाळिंबावर तेलकट डाग पाडणारा रोग) तुमच्या बागेत पहिल्यांदा कधी दिसला, फुलात, सेटिंगला म्हणजे फळ धरताना, की फळ फुगताना? त्याआधीच्या पंधरा दिवसांत पाऊस किती झाला आणि बागेत काय काम केलं? छाटणीची कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कशात बुडवता? अशा प्रश्नाला प्रत्येकाकडे स्वतःचं उत्तर असतं आणि दोन उत्तरं शेजारी ठेवली की शिकायला मिळतं. दिवसाला असे तीन प्रश्न पुरे. चौथा घेतलास तर तिसराही अर्धवट राहील.

आता माणसांचं गणित. १२० जण आहेत. माईक फिरवून प्रत्येकाला एक मिनिट म्हटलं तरी दोन तास जातात, आणि प्रत्यक्षात सात-आठ जणच तो वेळ खातात. त्यापेक्षा सहा-सहाचे २० गट कर, म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येकाला ५ मिनिटं मिळतात. पण गट बसल्या बसल्या बोलायला लावू नकोस. आधी ४ मिनिटं शांतपणे कागदावर लिहू दे. एक बोलत असताना बाकीचे नुसते थांबतात, तेवढ्यात स्वतःच्या डोक्यातलं विसरतात, आणि पहिला बोलणारा बडा बागायतदार असेल तर सगळा गट त्याच्याच मागे जातो. डील आणि स्ट्रोब या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं : एकत्र बसून कल्पना सांगणाऱ्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना जास्त भरतात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागणं. लिहायला अवघडणारे असतील तिथे कृषी महाविद्यालयाची मुलं लेखनिक म्हणून बसव. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या गटांना कन्नड येणारा लेखनिकच हवा. बायका येणार असतील तर पाच पुरुषांत एकटी बाई बसवू नकोस, ती गप्प राहते. तिघी एका गटात ठेव किंवा पहिल्या फेरीला त्यांचे गटच वेगळे कर.

गटांचा अहवाल वाचायला लावणं हा दुसरा सापळा. वीस गट गुणिले तीन मिनिटं म्हणजे एक तास, आणि पाचव्या गटानंतर सगळे ‘वरीलप्रमाणेच’ म्हणतात. त्याऐवजी प्रत्येक गटाकडून तीन कार्डं घे. एका कार्डावर एकच मुद्दा, जाड मार्करनं, सात शब्दांच्या आत. भिंतीवर लाव. तुझे दोघं सारखी कार्डं एकाखाली एक जमवतील. हे मतदानाच्या आधीच झालं पाहिजे, नाहीतर एकच गोष्ट तीन कार्डांत विभागून तिची मतं फुटतात आणि दुसरंच काहीतरी पुढे येतं. मग मत द्यायला माणशी तीन टिकल्या दे, महत्त्वाच्या वाटणाऱ्या कार्डांवर चिकटवायला. कपाळाच्याच, बाजारात पाकिटं मिळतात. पुरुष आधी हसतील, पण चिकटवतील. ३६० लागतील, चारशे घेऊन ठेव.

हा भिंतीचा कार्यक्रम जेवणानंतर लगेच ठेव. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर गोड खाल्लेल्या माणसापुढे दुपारी दोनला भाषण लावलंस तर ते पंखेच ऐकतील. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातून जे शास्त्रज्ञ येतील त्यांना पहिल्या फेरीनंतर घे. पंधरा मिनिटं बोलणं, मग पंचवीस मिनिटं कार्डांवर आलेल्या प्रश्नांना उत्तरं. प्रश्नांचा विषय त्यांना चार दिवस आधी कळव, म्हणजे ते साठ स्लाइडची पोतडी न आणता बागेतले आठ फोटो आणतील. पुढच्या रांगेत एक माणूस उरलेली मिनिटं दाखवणारे ५, २ आणि ० लिहिलेले फलक घेऊन बसव. तो कुणाच्याही नात्यागोत्यातला नको.

शेवटच्या तासासाठी ओपन स्पेस वापरून बघ. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसानं १९८५ मध्ये ही पद्धत काढली, कारण त्याच्या आधीच्या परिषदेत लोकांना सगळ्यात चांगला वाटला तो चहाचा वेळ! ज्याला जो विषय हवा तो त्यानं कागदावर लिहून कोपरा धरायचा, बाकीच्यांनी हवं तिथे जायचं आणि काही मिळत नसेल तर उठून दुसरीकडे. आपल्याकडे मध्येच उठणं उद्धटपणा वाटतो, म्हणून हा नियम अध्यक्षांनी स्वतः जाहीर करावा आणि पहिले तेच उठावेत.

जागा : हुतात्मा स्मृती मंदिर तुझ्या मनात आहे, पण नाट्यगृहाच्या पक्क्या खुर्च्यांत गट बसत नाहीत. मंगल कार्यालय घे. सहा खुर्च्यांच्या एका कोंडाळ्याला दहा बाय दहा फूट लागतात, म्हणजे वीस गटांना २००० चौरस फूट आणि वाटा धरून अडीच हजार. ग्रॅनाइटच्या भिंतीत आवाज घुमतो आणि लग्नातला साउंडवाला वर इको लावून ठेवतो. तो बंद करायला लाव. स्पीकर माईकच्या पुढे ठेवायला सांग, मागे ठेवले की शिट्टी मारतात.

नोंदणीला माणशी पाऊण मिनिट धर. एका टेबलावर दीड तास जाईल, तालुक्याप्रमाणे तीन टेबलं मांडलीस तर अर्ध्या तासात आटपेल. चहाचंही तसंच, तीन ठिकाणी ठेव.

तारखेचं बघ. १५ जानेवारी अजिबात नको. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, त्या परिसरातले रस्ते आणि लॉज भरलेले, आणि मृग बहाराचा (पावसाळ्याच्या तोंडाला धरलेल्या फुलांचा) माल तेव्हा तोडणीला. रविवारही नको, सांगोल्याला जनावरांचा बाजार असतो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला मधला वार बघ.

आणि तू स्वतः एकच काम कर. सूत्रसंचालनाला चारोळ्या म्हणणारा कुणीही मिळेल, जेवणाकडे भाऊ बघतील. तू प्रश्नावर लक्ष ठेव : गाडी भलतीकडे गेली की कार्डाकडे बोट दाखवायचं. शेवटी फळ्यावर तीनच रकाने, काम, कोण आणि तारीख. ‘समिती नेमू’ आलं की तिथल्या तिथे माणसाचं नाव विचार. नाव नसेल तर ते काम खोड, उगाच ठरावात राहायला नको. आभार तीन मिनिटांत. फळ्याचा फोटो लोक एसटीला निघण्याआधी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाक आणि एक पानी टिपण दोन दिवसांत.

तुझे तीन प्रश्न या रविवारपर्यंत पाठव. ते बघितल्याशिवाय पत्रिका छापायला देऊ नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रमोद