दोन लिटर दुधासाठी थांबलेला रीस्टार्ट

ताई, सप्रेम नमस्कार.

आज सकाळी साडेसातला रांग सुरळीत सरकली. वजन, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले घन घटक), पावती, पुढचा. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही, पण आमच्या दूध संस्थेला साडेसातची धास्तीच बसली होती. मधूनच एखाद्या सकाळी सर्व्हर बंद. पावती निघेना, आणि किटल्या घेऊन उभी माणसं माझ्यावर तोंडसुख घ्यायची. फॅटवर भाव ठरतो, पावतीशिवाय दूध ओतेल कोण?

सर्व्हर सांभाळणाऱ्या आधीच्या एजन्सीची उत्तरं पाठ झाली होती. "तुमचं नेट बघा." "लाइट गेली असेल." आणि हुकमी, "आमचा रीस्टार्ट रात्री दोनला असतो, सर."

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "दूध कधी येतं?" मग सर्व्हर केव्हा केव्हा नव्याने सुरू झाला, त्याची नोंद काढलीत. सगळीकडे रात्रीचे दोनच! पण ते सर्व्हरच्या घड्याळातले, यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे. आपल्याकडे तेव्हा साडेसात. साडेपाच तास मिळवायचे एवढीच बेरीज, तीही कुणी केली नव्हती. अपडेटनंतर गरज पडली तरच रीस्टार्ट व्हायचा, त्यामुळे हे रोज घडायचं नाही आणि खोटे ठरायचो आम्ही.

पुढे काय काय बदललंत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. माझ्या मनात राहिलाय तो फोन. नव्या कर्नलसाठीचा (म्हणजे सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठीचा) रीस्टार्ट तुम्ही रात्री साडेआठला लावला होता. त्याआधी फोन आला, "शेवटचे सभासद गेले का?" म्हटलं, वस्तीवरच्या आजी यायच्यात, दूध फार तर दोन लिटर. "मग रद्द करते. त्यांची पावती निघाली की सांगा."

धावत येणाऱ्या म्हातारीसाठी डबल बेल रोखून धरणारे कंडक्टर असतात ना एसटीत, ती जात अजून आहे म्हणायची. आजींना सांगितलं, तर "माझ्यासाठी? कोण गं बाई ती?" म्हणाल्या.

एजन्सीचं वर्षाच्या देखभालीचं बिल मात्र अगदी वेळेवर आलंय. ते संचालक मंडळापुढे ठेवतोय, सोबत तुम्ही काढलेली नोंद जोडून. तुमचं बिल अजून आलेलं नाही, सभेआधी पाठवा. आजींनी खरवस कबूल केलाय, तो त्यातून वजा होणार नाही.

आपला,
सचिव, दूध उत्पादक संस्था