सेव्हन-झिप एकदा टाकून विसरू नका. लिनक्सवर व मॅकवर ती स्वतः कंपाइल करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा-महाविद्यालयांचे संगणक कक्ष, ग्रंथालये, छपाईची डीटीपी केंद्रे, लहान कार्यालये अशा सगळ्या ठिकाणी फाइली दाबून ठेवणारे सॉफ्टवेअर रोज वापरात असते. तरीही एकदा टाकले की त्याची आवृत्ती कोणी तपासत नाही. ही सवय धोक्याची आहे. फाइली दाबणारी सेव्हन-झिप मोफत आहे, इगोर पावलोव यांनी ती १९९९पासून सांभाळली आहे, पण तिला स्वतःहून अद्ययावत होण्याची सोय नाही. पाच वर्षांपूर्वी टाकलेली प्रत आजही तशीच चालत राहते, आणि दरम्यान बुजवलेली भगदाडे तिच्यात उघडीच असतात.

ही भगदाडे किरकोळ नाहीत. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोज ‘ही बाहेरून आली आहे’ अशी खूण ठेवते. एका दाबलेल्या फाइलीच्या पोटात दुसरी दाबलेली फाइल असली, की उलगडताना ती खूण गळून पडत असे. ही चूक नोव्हेंबर २०२४मधल्या २४.०९ आवृत्तीत सुधारली. झिपमधल्या सिंबॉलिक लिंकच्या (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीच्या) आडून ठरल्या फोल्डरबाहेर फाइल लिहिली जाण्याचा दोष जुलै २०२५च्या २५.०० आवृत्तीत बुजवला. म्हणून आज २५.०१ किंवा तिच्यापुढचीच आवृत्ती वापरावी. नवी आवृत्ती घेऊनही एक काम उरते. टूल्स, ऑप्शन्स, सेव्हन-झिप या खिडकीत ‘प्रोपगेट झोन.आयडी स्ट्रीम’ हा पर्याय मुळात बंद असतो. तो ‘येस’ केला नाही, तर बाहेरून आल्याची खूण उलगडलेल्या फाइलींवर उतरतच नाही.

लिनक्सवरची अडचण वेगळी. तिथे वर्षानुवर्षे ‘पी-सेव्हन-झिप’ या नावाची प्रत चालत आली, आणि ती २०१६च्या १६.०२ आवृत्तीवर थांबली. पावलोव यांनी स्वतः लिनक्ससाठी आवृत्ती देणे २०२१मध्ये, २१.०१पासून सुरू केले. डेबियन १२ या लिनक्स वितरणात दोन्ही पॅकेजे शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे जुन्या सवयीने ‘पी७झिप’ मागितले की २०१६चाच कोड पदरात पडतो. वितरणातले पॅकेज मागे असेल तर स्वतः कंपाइल करणे, म्हणजे मूळ कोडवरून प्रोग्रॅम तयार करणे, हा खात्रीचा मार्ग आहे, आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही. (पुढच्या आज्ञा छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीतच टंकाव्यात.)

मूळ कोड अधिकृत संकेतस्थळावर दोन रूपांत मिळतो, ‘.७झेड’ आणि ‘.टार.एक्सझेड’. दुसरे घ्यावे, कारण पहिले उलगडायला सेव्हन-झिपच लागते. सी++ कंपायलर (कोडचा प्रोग्रॅम करणारा) आणि मेक (ही कामे क्रमाने चालवणारा) हवेत. डेबियन-उबुंटूवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ आणि ‘एक्सझेड-युटिल्स’ या दोन पॅकेजांत सगळे येते. कोड उलगडण्याआधी रिकामा फोल्डर करून त्यात शिरावे. या टारला (अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या फाइलीला) वरचा एकच फोल्डर नसतो. होम फोल्डरमध्ये उलगडले तर ‘एएसएम’, ‘सी’, ‘सीपीपी’, ‘डॉक’ असे चार फोल्डर तिथेच पसरतात.

मग ‘सीपीपी/७झिप/बंडल्स/अलोन२’ या फोल्डरमध्ये जायचे. शेजारी ‘अलोन’ आणि ‘अलोन७झेड’ हे फोल्डरही दिसतील. त्यांतून अनुक्रमे ७झेडए आणि ७झेडआर हे कमी प्रकार ओळखणारे प्रोग्रॅम तयार होतात. सगळे प्रकार एकाच फाइलीत हवे असतील तर ‘अलोन२’च बरोबर. इथे नवखा माणूस हमखास नुसते ‘मेक’ टंकतो आणि ‘मिसिंग सेपरेटर’ ही चूक समोर येते. कोड बिघडलेला नसतो. त्या फोल्डरमधली ‘मेकफाइल’ ही मायक्रोसॉफ्टच्या एनमेकसाठी लिहिलेली आहे, ग्नू मेकला तिची भाषा कळत नाही. लिनक्ससाठी आज्ञा अशी: ‘मेक -जे४ -एफ ../../सीएमपीएल_जीसीसी.मॅक’ (शेवटचे ‘.मॅक’ रोमनमध्ये एम-ए-के असे). काम संपल्यावर ‘बी/जी’ या फोल्डरमध्ये ‘७झेडझेड’ ही तयार फाइल मिळते.

‘सीएमपीएल_जीसीसी.मॅक’च्या शेजारीच ‘सीएमपीएल_जीसीसी_एक्स६४.मॅक’ ही फाइलही दिसते. तिच्यात काही भाग असेंब्लीत (प्रोसेसरच्या जवळच्या भाषेत) असल्यामुळे तयार प्रोग्रॅम फाइली उलगडताना अधिक वेगवान असतो, पण त्यासाठी ‘एएसएमसी’ हा वेगळा असेंब्लर आधी बसवावा लागतो. तो नसेल तर ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणून काम थांबते. रोजच्या वापराला साधी फाइल पुरेशी आहे. एआरएम प्रोसेसर असेल, तर मात्र ‘सीएमपीएल_जीसीसी_एआरएम६४.मॅक’ बेलाशक वापरावी. तिथला असेंब्लीचा भाग जीसीसी स्वतःच हाताळतो.

दुसरी नेहमीची अडचण अगदी नव्या कंपायलरवर येते. या कोडच्या मेकफाइलीत ‘-डब्ल्यूएरर’ हा पर्याय आहे, म्हणजे साधी सूचनाही चूक धरली जाते. कंपायलरची नवी आवृत्ती नव्या सूचना देऊ लागली, की जुना पण निर्दोष कोडही मध्येच अडतो. अशा वेळी कोडला हात न लावता आज्ञेच्या शेवटी ‘सीफ्लॅग्स_वॉर्न_वॉल="-वॉल -डब्ल्यूएक्स्ट्रा"’ एवढे जोडावे. आरएआर उलगडण्याच्या कोडवर परवान्याची वेगळी अट आहे; संपूर्ण मुक्त सॉफ्टवेअरच ठेवणाऱ्या संस्थांनी ‘डिसेबल_आरएआर=१’ द्यावे.

‘मेक इन्स्टॉल’ या कोडमध्ये नाही. फाइल आपणच जागेवर ठेवायची: ‘सुडो इन्स्टॉल -एम ७५५ बी/जी/७झेडझेड /यूएसआर/लोकल/बिन/’. इथवर सगळे नीट झाले तरी रात्रीचे बॅकअप जुन्याच प्रोग्रॅमने होत राहू शकतात, आणि ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एकतर जुन्या स्क्रिप्ट ‘७झेड’ या नावाने हाक मारतात, ‘७झेडझेड’ नावाने नव्हे. त्या नावाची लिंक ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये केली तरी क्रॉनचा (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधण्याचा मार्ग, मुळात ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढाच असतो, म्हणून तो १६.०२लाच गाठतो. क्रॉनच्या ओळीत पूर्ण पाथ लिहावा किंवा जुने पॅकेज काढून टाकावे.

बॅकअपचा विषय निघाला म्हणून सांगतो, ७झेड प्रकारात लिनक्सच्या फाइलींचा मालक आणि गट साठवला जात नाही. सर्व्हरचे फोल्डर थेट दाबले तर परत उलगडताना ही माहिती गेलेली असते. आधी टार करून तो पाइपने ‘७झेडझेड ए -एसआय नाव.टार.७झेड’ला द्यावा.

मॅकवर काम सोपे आहे. ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ने कंपायलर आणि मेक येतात, पूर्ण एक्सकोड लागत नाही. त्याच ‘अलोन२’ फोल्डरमध्ये ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपसाठी ‘सीएमपीएल_मॅक_एआरएम६४.मॅक’ आणि इंटेलसाठी ‘सीएमपीएल_मॅक_एक्स६४.मॅक’ वापरावी, फाइली ‘बी/एम_एआरएम६४’ आणि ‘बी/एम_एक्स६४’मध्ये तयार होतात. दोन्ही प्रकारची यंत्रे असतील तर ‘लिपो -क्रिएट’ने दोहोंची एकच फाइल करता येते. एम मालिकेच्या नव्या मॅकवर ‘/यूएसआर/लोकल/बिन’ हा फोल्डर नसू शकतो, तो आधी करावा. स्वतः कंपाइल केलेल्या फाइलीवर ‘क्वारंटाइन’ची, म्हणजे बाहेरून आल्याची, खूण नसते, त्यामुळे उतरवलेल्या प्रोग्रॅमसारखी अडवणूक होत नाही. होमब्रू (मॅकवर पॅकेजे बसवणारा प्रोग्रॅम) असेल तर पॅकेजचे नाव ‘सेव्हनझिप’ आहे.

विंडोजवर बहुतेकांनी कंपाइल करण्याच्या भानगडीत पडू नये. अधिकृत इन्स्टॉलर घ्यावा. मिळत्याजुळत्या नावाच्या बनावट संकेतस्थळांपासून मात्र सावध राहावे. खरा पत्ता ‘७-झिप.ओआरजी’, मध्ये आडवी रेघ आहे. इन्स्टॉलरवर डिजिटल सही नसल्याने विंडोजची स्मार्टस्क्रीन ही सुरक्षेची सोय इशारा देऊ शकते, आणि म्हणूनच फाइल कुठून घेतली याला इतके महत्त्व. प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांवर एकदम टाकायचे असेल तर ‘.ईएक्सई’ला ‘/एस’ हा पर्याय द्यावा. हा एस मोठ्या लिपीतलाच हवा. ‘.एमएसआय’साठी ‘/क्यू’. ज्यांना कंपाइलच करायचे आहे त्यांनी व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्समधला सी++ डेस्कटॉपचा भाग घ्यावा, आणि साध्या कमांड प्रॉम्प्टऐवजी ‘एक्स६४ नेटिव्ह टूल्स’चा प्रॉम्प्ट उघडावा. साध्या प्रॉम्प्टला एनमेक सापडत नाही. मग ‘अलोन२’मध्ये ‘एनमेक प्लॅटफॉर्म=एक्स६४’, आणि ‘एक्स६४’ फोल्डरमध्ये ‘७झेडझेड.ईएक्सई’. ही फाइल आज्ञावलीची आहे. खिडक्या आणि उजव्या क्लिकचा मेनू हवा असेल तर इन्स्टॉलरच घ्यावा लागेल.

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीवर मूळ मेक चालत नाही, ‘जीमेक’ लागते. तिथे ‘७-झिप’ हे पॅकेजही आहे.

कुठल्याही यंत्रावर बसवल्यावर ‘७झेडझेड आय’ चालवून पाहावे. पहिल्या ओळीत आवृत्ती दिसते, खाली ओळखता येणाऱ्या प्रकारांची यादी. नंतर ‘७झेडझेड बी’ने वेग आणि यंत्राची मेमरी दोन्हींचा कस लागतो, इथे चूक आली तर बहुधा रॅम सदोष असते, प्रोग्रॅम नव्हे. जुन्या कमी मेमरीच्या संगणकांवर ‘-एमडी=’ने डिक्शनरीचा (दाबताना मागचा मजकूर लक्षात ठेवणाऱ्या जागेचा) आकार बेताचा ठेवावा. एलझेडएमए पद्धतीने दाबताना डिक्शनरीच्या सुमारे साडेअकरा पट मेमरी लागते, म्हणजे ६४ एमबीला ७००हून अधिक एमबी.

मराठी नावांच्या फाइलींबद्दल एक सूचना. झिप प्रकारात नावे जुन्या कोडपेजमध्येही (युनिकोडपूर्वीच्या अक्षरसंचातही) लिहिता येतात, म्हणून काही जुने प्रोग्रॅम देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे करतात. झिप करताना ‘-एमसीयू=ऑन’ दिले की नावे युटीएफ-८मध्येच जातात. ‘ऱ’ असलेल्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे. युनिकोडमध्ये हे अक्षर एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावे सुटी करून ठेवते. तिथून आलेले ‘दुसऱ्या सत्राचे निकाल’ आणि लिनक्सवर टंकलेले तेच नाव डोळ्यांना एकसारखे दिसले, तरी लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली असतात. शोध रिकामा येतो किंवा एकाच फोल्डरात दोन ‘सारख्या’ फाइली दिसतात. अशा संग्रहांवर ‘कॉन्व्हएमव्ही’ हा प्रोग्रॅम ‘--एनएफसी’ पर्यायासह चालवून नावे एकरूप करावीत आणि मगच दाबावीत.

कळावे,
आपला,
एक प्रणाली प्रशासक, पुणे