गावकुसाबाहेरच्यांचे गाव

महोदय,

गावांचा इतिहास लिहिताना आपल्याला वाडे, वेशी आणि देवळे आठवतात. चर्च, त्याला जोडून निघालेली शाळा आणि त्यांच्या आसऱ्याने वसलेली माणसे मात्र बहुधा राहून जातात. जालन्याजवळचे बेथेल हे याचे ठळक उदाहरण आहे. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी 1860 च्या दशकात जालन्यात काम सुरू केले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. येथे आलेले बरेचसे लोक मांग व महार समाजांतील होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्यांना गावातच घर मिळणे हे माझ्या मते धर्मांतराहून लहान स्थित्यंतर नव्हते. धर्मोपदेशकांची चरित्रे निदान लिहिली तरी गेली. या पहिल्या रहिवाशांची नावे शोधायची तर बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या आणि शाळांची हजेरीपत्रकेच धुंडाळावी लागतात. ग्रामीण महाराष्ट्रातील जुन्या चर्चमधील असे दप्तर कसर लागण्यापूर्वी चर्चच्या संमतीने पुराभिलेख विभागाने त्याच्या डिजिटल प्रती करून घ्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक